मुरमुऱ्यांचं माप

डी.एड.ला असताना, म्हणजे माझ्या डोक्यावर भरपूर केस होते आणि डोक्यात काहीच नव्हतं तेव्हा, गणिताच्या सराव पाठात मी दोनदा नापास झालो. तिसरा पाठ उद्यावर होता. तोही गेला असता तर वर्ष गेलं असतं. विषय होता, अर्ध्याला एक चतुर्थांशाने भागा. उत्तर दोन, हे तोंडपाठ होतं. भागल्यावर वाढतं कसं, हे मात्र ठाऊक नव्हतं.

मोहाडीच्या बाजारात तेच पुटपुटत उभा होतो. मुरमुरे विकणारी बाई म्हणाली, "काहून मंत्र म्हणून राहिले, गुरुजी?"

मी अडचण सांगितली. तिने आधी चार मुरमुरे स्वतःच्या तोंडात टाकले. मग अर्ध्या पायलीचं माप भरून वरून तळहात फिरवला आणि त्यातून पाव पायलीचं माप दोनदा भरून ते रिकामं केलं.

"वाढलं कोठी? मुरमुरे तेवढेच हायेत. माप लहान घेतलं तुमी."

दुसऱ्या दिवशी पास झालो. परीक्षकांनी विचारलं, "युक्ती कुणाची?" मी लाजत म्हणालो, "सुचली."

पुढच्या बाजारी तिला कबुली द्यायला गेलो, तर तिच्यापुढे माझ्याच वर्गातले तिघे उकिडवे बसलेले.

"तुमी झाले ना पास?" ती म्हणाली. "मंग बाजूले सरका. या तिघायचा पाठ उद्या हाये."