दत्तूचं कुत्रं

भिंतीवर कमरेच्या उंचीला चिखलाचा पट्टा उमटलाय. दत्तूचं दांडगं कुत्रं तिथं अंग घासतं. दत्तू, माझा लेक, वारला, तेव्हा ते मीच सूनबाईकडून मागून आणलं. सूनबाई म्हणाली, "मामंजी, फार घाण करतं ते. तुम्हाला झेपणार नाही."

"लेकाचं आहे ते. न झेपायला काय झालं?"

पिठाचा डबा, अंथरूण, सगळं फळीवर चढवलं. जाजम गुंडाळलं. कुत्रं आलं, घरभर हुंगत हिंडलं आणि माझ्या तोंडाकडे बघत बसलं. घर आवरून होतं, पण मुक्या जनावराला मरण कसं सांगायचं?

आज गल्लीत दत्तूच्या गाडीसारखी मोटारसायकल वाजली. ते शेपूट हलवत दाराकडे धावलं. मीही उठून उभा राहिलो होतो.