यीस्टचा उपास आणि अप्पांचं पायडल

हेब्बाळच्या आमच्या प्रयोगशाळेत एक काचेचं भांडं होतं आणि त्यातल्या यीस्टनं माझा छळ मांडला होता. पाव फुगवणारं तेच हे यीस्ट. पोटात साखर किती आणि श्वास कसा चाललाय, त्यावर त्याचं वाढणं ठरतं, एका पेशीच्या दोन होणंही ठरतं. पंपानं बेताबेतानं साखरपाणी घालत राहिलं की सगळ्या पेशी एका तालात येतात. सगळ्या मिळून प्राणवायू ओढतात, मग सगळ्या मिळून तो ओढणं कमी करतात, आणि ज्यांना विभागायचं त्या नेमक्या तेव्हाच विभागतात. पडद्यावर प्राणवायूची रेघ खाली जाते, वर येते, लाट दिसते. म्हणजे पुस्तकात दिसते. माझी रेघ मेली सरळ!

माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्या लाटेवर अडलं होतं. आणि दसऱ्यानंतर ते भांडं-पंपाचं यंत्र शेजारच्या गटाकडे जाणार होतं. गाइडनी तसा शब्दच देऊन टाकला होता. लाट आली नाही तर आणखी वर्षभर मी तिथेच.

अशात आयुधपूजा आली, म्हणजे आपली खंडेनवमी. त्या दिवशी बेंगळुरात रिक्षापासून सूक्ष्मदर्शकापर्यंत कुणाचीही सुटका नसते. आमच्या लॅबमध्येही पूजा व्हायची आणि घरच्यांना आमंत्रण असायचं. माझे अप्पा चामराजपेटहून आले, हातात शेवंतीच्या माळा, लिंबं, हळदकुंकू. अप्पांचं शिलाईचं दुकान आहे. मुलगी नक्की काय करते हे त्यांना गिऱ्हाइकांना कधी सांगता आलं नाही. "पावाचं काहीतरी शिकते," एवढ्यावर ते भागवत.

त्यांनी माझ्या पंपाला कुंकू लावलं, हात जोडले आणि डोळे उघडताच दचकले.

"हे फिरतंय अजून?"

"तो बंद नाही करता येत, अप्पा. पेशी उपाशी राहतील."

"पूजा झाली की चाक फिरवायचं नाही. उद्या दसऱ्याला सकाळी सुरू करायचं. आपल्या दुकानात कधी बघितलंयस कुणी फिरवताना?"

"हे दुकान नाही!"

"यंत्र आहे ना? सरी मग, झालं तर. नवरात्रात आपण उपास करतो, त्यांनी स्वल्प केला तर काय बिघडतं?"

मी मोठ्या आशेनं गाइडकडे बघितलं. पुराव्याशिवाय हा माणूस स्वतःच्या सर्दीवरही विश्वास ठेवत नाही. ते केळं सोलत होते. "फादर बरोबर बोलतायत," त्यांनी मान डोलावली. "आज सगळ्या मशीनना सुट्टी."

मी रागारागानं पंप बंद केला. पुस्तकात सांगितलाय तेवढा उपास मी त्या पेशींना सुरुवातीलाच घडवला होता. आता आणखी एक, तोही उद्या सकाळपर्यंत, म्हणजे सगळं संपलंच. जिन्यात मी अप्पांवर तोंडसुख घेतलं. "तुमच्या लिंबापायी माझं वर्ष गेलं!"

अप्पा दोन पायऱ्या खाली उतरून थांबले. चेहरा एवढासा झाला होता. "तुझी ती लाट येईपर्यंत मी पायडलवर पाय ठेवणार नाही," ते म्हणाले आणि निघून गेले. दुकानात दिवाळीच्या ब्लाउजांचा ढीग पडला होता. मला फार वाईट वाटलं, पण राग त्याहून मोठा होता.

दसऱ्याच्या सकाळी लॅब रिकामी होती. मी पंप सुरू केला. रेघ धाडकन खाली गेली. पेशी मेल्या नव्हत्या! अधाशासारख्या श्वास घेत होत्या. दुपारी रेघ वर चढली. मी खुर्चीतच उडाले आणि अप्पांना फोन लावला.

"आली?"

"एकदा आली. पण एकदा म्हणजे योगायोगही असेल. परत यायला हवी."

"सरी. बसलोय मी."

मागे एक बाई कन्नडमध्ये ओरडत होती, "ब्लाउज यावाग, अण्णा?" ब्लाउज कधी, म्हणून. अण्णा, म्हणजे आमचे अप्पा, ढिम्म.

उन्हं उतरायच्या आत रेघ पुन्हा खाली गेली आणि पुन्हा वर आली. तशीच, हुबेहूब! आमची यीस्टची जात भलतीच चिवट निघाली. पुस्तकी उपास तिला पुरला नव्हता. पेशींनी पोटात काही ना काही दडवून ठेवलं होतं आणि जिची तिची वेगळी चूल चालू होती. अप्पांच्या उपासानं सगळ्यांचं पार संपवलं, तेव्हा कुठे त्या एका पंगतीला बसल्या. मी कुंकू लावलेल्या पंपाभोवती नाचले, अगदी लाज सोडून. गाइडना फोटो पाठवला. लगेच उत्तर आलं, "यंत्र कुठेही जात नाही."

मग अप्पांना फोन केला. "आली! दुसरी आली!"

 अप्पा दुकानभर ओरडून कन्नडमध्ये सांगायला लागले, की माझ्या मुलीकडे लाखो पेशी आहेत, त्या सगळ्या एका दमात श्वास घेतात, आणि पोटाला नीट मिळालं तरच एकीच्या दोन होतात! इतकी वर्षं मी समजावत होते ते त्यांनी सगळं ऐकून ठेवलं होतं. ती बाई म्हणाली, बरं, पण ब्लाउज?

फोन बंद करायचं ते विसरलेच. खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि मग पायडलची खडखड सुरू झाली. मी ती ऐकत हसत होते, रडतही होते. इकडे पडद्यावर रेघ परत खाली निघाली होती.