दादाने शिकवलेले वेढे

"साक्षगंधाले त्या पोट्ट्याले नोको बोलवू, वैनी. त्यानंच नाव घालवलं घराचं. आपली पोरगी पाह्य — असल्या चीजेले कधी हातबी नाही लावला."

आत्या स्वयंपाकघरात आईला सांगत होती. मी दाराआड, हातात बाबांचा चहा. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, माझा. पोट्टा म्हणजे माझा मोठा भाऊ. आणि ती चीज — ती कुणाची होती, हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते.

दादा शेतपंपांच्या जळालेल्या मोटारी वाइंडिंग करायचा, म्हणजे त्यांत नवी तार गुंडाळायचा. गावातच दुकान होतं, बाबांनी काढून दिलेलं. मी इंग्रजी शाळेतली, घरात कमी बोलणारी. हॉस्टेलवरून एक सवय घेऊन आले होते — वेप, बॅटरीवर वाफ करून ओढायचं ते यंत्र. विकायलाही बंदी असलेलं. त्यातही मला वेड होतं ते त्याच्या वरच्या छोट्या टाक्यांचं, ज्यांत कॉइल, म्हणजे तापणारी तारेची गुंडाळी, आपल्या हाताने बसवायची असते. तीन होत्या माझ्याकडे. एकीत चव दाट, पण हवा इतकी कमी की ओढताना गाल दुखायचे. दुसरीत हवा मोकळी, चव पातळ. तिसरीत दोन्ही जमायचं, पण आत जागा एवढीशी की कॉइल जरा तिरकी झाली तर भिंतीला टेकायची, तिच्यात घातलेला द्रव शोषणारा कापूस जळायचा. हे सगळं मी एका वहीत लिहायचे. इंग्रजीत. घरात कोण वाचणार होतं?

तिसरीसाठी तारेचे वेढे अगदी सारखे हवे होते. दादाला म्हटलं, कॉलेजचं प्रोजेक्ट आहे. त्याने माझी बोटं धरून खिळ्यावर तार गुंडाळून दाखवली. आपला बारीक चिमटाही देऊन टाकला.

तीन वर्षांपूर्वी धानाच्या पोत्यांमागे बाबांना माझा डबा सापडला. टाक्या, कॉइल, वही — आणि तो चिमटा. तार, चिमटा म्हटल्यावर दुसऱ्या कुणाचं नाव येणार? तरी बाबा थांबले. त्यांना खात्री करायची होती. दादासमोर त्यांनी वही माझ्याकडे दिली, बँकेचं इंग्रजी पत्र देतात तशी. "वाच. काय लिवलं हाये?"

इंग्रजी अक्षर त्यांना सगळं सारखंच. मी पान उलटलं. मीच म्हणाले — ओढायच्या यंत्राचं आहे, कुठूनतरी बघून उतरवलेलं. दादाचं दिसतंय.

दादाने एक कॉइल उचलून उजेडात धरली. स्वतः शिकवलेले वेढे त्याला ओळखू येणार नाहीत? त्याने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "हो. माझंच हाये."

बाबांनी दुकानाची किल्ली काढून घेतली. दादा तिरोड्याला ठेकेदाराकडे मजुरीला लागला. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेलाही घरी येत नाही. बाबांनी अंगणात भिरकावलेल्या टाक्या मी बोडीत, शेताजवळच्या तळ्यात, फेकल्या — पश्चात्तापाने? नाही. पुन्हा सापडू नयेत म्हणून. घाबरले होते, असं म्हणता येईल. पण भीती त्या दुपारची. पुढच्या तीन वर्षांचं काय?

आज बाबा ओसरीवर साक्षगंधाची नावं लिहीत बसले होते. मी चहा खाली ठेवला. यादीत दादा नव्हता.

"बाबा," मी म्हणाले, "ती वही माझी होती. तुम्ही वाचायला दिली, अन् मी खोटं वाचलं."