उभं ड्रिल मशीन

जळगावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारे एक भाऊ आहेत. त्यांना शांतपणे बोलताना मी कधी ऐकलं नाही. आटे झिजलेल्या नटालाही ते शिव्या देतात. घरच्या वर्कशॉपसाठी मला जमिनीवर उभं राहणारं स्वस्त ड्रिल मशीन घ्यायचं होतं, म्हणून मी त्यांना दुकानात घेऊन गेलो.

दुकानदाराने एक चकचकीत मशीन दाखवलं. भाऊंनी त्याचा बिट पकडणारा चक मुठीत धरून हलवला. तो डुगडुगला.

"या किमतीत एवढं चालतं," दुकानदार म्हणाला.

"चालस? कोना हातवर चालस?" भाऊ ओरडले. शेजारी एक अनोळखी माणूस तेच मशीन बांधून घेत होता. त्याला ते म्हणाले, "भाऊ, हाई लेऊ नको. भोक पाडता पाडता बोट जाई."

दुकानदाराने त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. त्या माणसाने मशीन नेलंच. मला लाज वाटत होती, भाऊंचाच राग येत होता. मी मुकाट्याने बाहेर आलो.

भाऊ गाडीला किक मारत होते. "त्या मानूसले सोड," ते म्हणाले. "तू काबर गप व्हता?"

मी मागे बसलो. राग आता माझा मलाच येत होता.