भिंतीवरच्या राऊतबाई

आमच्या गावात कौसल्या राऊतबाईंना कोणी नमस्कार करत नाही. त्या दिसल्या की लोक सरळ उभे राहतात.

बाईंनी गावच्या शाळेत तीसेक वर्षं गणित शिकवलं. आज गावात जो कोणी काही आहे, दुकानदार, दलाल, पुढारी, तो कधी ना कधी त्यांच्या फळ्यापुढे घाम पुसत उभा राहिलेला आहे. छडी त्यांनी फारशी वापरली नाही. डावी भुवई वर गेली की भागायचं. एखादं पोरगं करंगळी वर करून ‘बाई, एकीले जाऊ?’ असं विचारायचं, भुवई वर जायची, ‘तास संपू दे’ असं उत्तर यायचं आणि पोराची गरज तिथल्या तिथे पळून जायची. मीही त्यातलाच. बाजाराच्या भिंतीसमोर माझं स्टेशनरीचं दुकान आहे. बाई पेन घ्यायला आल्या की मी आजही आधी स्टुलावरून उठतो आणि मग पेन काढतो.

मुली मात्र कधी करंगळी वर करत नसत. शाळेत त्यांना जायला जागाच नव्हती. मधल्या सुटीत त्या घरी पळत, आणि त्यांच्या मागोमाग बाईही पळत. ज्यांचं घर लांबच्या तांड्यावर, खेड्यावर, त्या मुली मोठ्या झाल्या की शाळाच सोडून देत. निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ घेऊन बाई एवढंच बोलल्या, “मी इतकी वर्षं तहान मारून शिकवलं. शाळेत जमलं नाही, निदान बाजारात तरी बायांसाठी मुतारी बांधा.” जोरात टाळ्या पडल्या. आमच्याकडे टाळ्या पडल्या की विषय संपतो.

बाईंनी तो संपू दिला नाही. नगरपंचायतीची सभा असली की त्या हजर. दर वेळी एकच प्रश्न, आणि दर वेळी एकच उत्तर, विषय विचाराधीन आहे. आमच्याकडे विचार फार खोल चालतो. इकडे मंगळवारच्या बाजारात सांभार, म्हणजे कोथिंबीर, आणि पालक विकणारी बेबीताई सकाळी जीपमधून उतरायची, ती संध्याकाळी जीपमध्ये बसेपर्यंत पाण्याचा घोट घ्यायची नाही. उन्हाळ्यात दोनदा ती भाजीवरच चक्कर येऊन पडली. शाळा सोडून गेलेल्या मुलींपैकी ती एक. बाईंना तिचं फार लागायचं. “बेबीची बेरीज वर्गात सगळ्यात पक्की होती,” असं म्हणायच्या.

आता पुरुषांचं म्हणाल, तर त्यांची सोय देवानेच केली होती. माझ्या दुकानासमोरची बाजाराची लांबलचक भिंत. नेरकडून येवो की दारव्ह्याकडून, गडी जीपमधून उतरला की आधी त्या भिंतीला सलामी देणार आणि मग बाजार करणार. दुकानात उदबत्ती मी भक्तीने लावतो असा गावाचा समज आहे, तो तसाच राहू द्या.

अशात सुंदर शहरांची स्पर्धा आली. तपासणी पथक येणार, भिंत पाहणार, आणि नाक तर त्यांनाही असणार. नगरपंचायतीचे स्वच्छता सभापती हरिसिंग राठोडांनी जाहीर केलं की भिंतीवर लोकसहभागातून चित्र काढायचं. यवतमाळहून सलील नावाचा शिकलेला चित्रकार बोलावला आणि काय काढायचं हे ठरवायला अख्खा गाव सभागृहात जमला.

पहिली सूचना अर्थातच देवांची. कोणते देव, यावर तासभर गेला. शेवटी एक म्हातारा म्हणाला, “मुतनारा मुतून जाते अन् मंग दंगा आपल्याले भोगा लागते.” देव मागे घेतले. मग थोर पुरुष आले. डावीकडून पहिलं कोण, यावर खुर्च्या सरकल्या, तेव्हा तेही घरी गेले. कापसाचं बोंड काढा म्हटलं तर सोयाबीनवाले रुसले. कोणी म्हणालं, टिपेश्वरचा वाघ काढा. “वाघ पाहून तं आनखी लवकर होईन!” असं मागून आलं आणि वाघही गेला.

सलीलने मग साधा प्रश्न विचारला. “तिथे लोकांनी उभं राहू नये, एवढंच हवंय ना? मग तुम्ही सगळे घाबरता कोणाला?”

सगळ्या जाती, सगळे पक्ष, कापूसवाले, सोयाबीनवाले, एका सुरात म्हणाले, “राऊतबाईले!”

आमच्या नगरपंचायतीत एकमताने झालेला हा पहिलाच ठराव.

बाईंकडे जायला कोणी तयार होईना. शेवटी हरिसिंग पाच-सहा जणांना घेऊन गेला, मलाही ओढलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. ज्या भिंतीवर गाव मुततं तिथे तुमचा चेहरा काढायचा आहे, हे कितीही सन्मानाने सांगितलं तरी तेच राहतं. मला तर मान वर करवेना.

“काढा,” बाई म्हणाल्या. “पण भिंत कोरडी झाली की तिच्या टोकाच्या मोकळ्या जागेत मुतारी बांधायची. कबूल?”

“कबूल, बाई. साऱ्यायच्या समोर सांगतो, बांधतोच,” हरिसिंग म्हणाला. तेव्हा तो उभाच होता, हात पाठीमागे बांधून.

लोकसहभाग म्हणजे काय ते मला त्या आठवड्यात कळलं. सलीलने बाईंचा चेहरा चांगला काढला होता, ओठांच्या कोपऱ्यात थोडं हसूही ठेवलं होतं. मग नागरिकांच्या हाती ब्रश आले. “भुवई आनखी वर पाह्यजे,” किराणावाला म्हणाला आणि त्याने ती वर नेली. पोलीस पाटलाने डोळे मोठे केले. दलालाला एका गणितावरून पंचवीस वर्षांपूर्वी उभं केलं होतं, त्याने हातात लाकडी पट्टी दिली. हसू कोणालाच आठवत नव्हतं, ते पुसलं गेलं. ज्याला जितका धाक आठवला तितका त्याने रंग लावला. तयार झाली ती दहा फुटांची बाई बघून सलील स्वतःच दोन पावलं मागे सरला.

बाई बघायला आल्या. भुवईपासून पट्टीपर्यंत सगळं पाहिलं. “मी अशी होते?” त्यांनी विचारलं.

“नाई बाई,” किराणावाला घाईने म्हणाला, “थोडं कमीच आलं आहे.”

त्या तशाच घरी गेल्या. मला फार वाईट वाटलं.

पण चित्र लागू पडलं. मी दुकानात बसून रोज तमाशा बघायचो. गडी तंद्रीत यायचा, भिंतीशी उभा राहायचा, सहज मान वर करायचा आणि तसाच, न करता, परत फिरायचा. जाताना ‘चुकलं बाई’ म्हणणारेही मी ऐकले. आठवडाभरात भिंत ठणठणीत कोरडी. पथक आलं, खुश झालं, हरिसिंगच्या गळ्यात हार पडला.

एकच घोळ झाला. गाव मुतायचं काही थांबलं नाही. ते वळून पलीकडच्या गल्लीत गेलं, आणि त्या गल्लीत हरिसिंगच्या नव्या बंगल्याचं कंपाउंड होतं. वर्षानुवर्षं विचाराधीन असलेला विषय मग असा सुटला की पंधरवड्यात भिंतीच्या टोकाला मुतारी उभी. फरशी, नळ, आरसा, सगळं.

उद्घाटन मंगळवारी, भर बाजारात. फीत कापायला बाई. बेबीताई आणि भाजीवाल्या बाया पाट्या सोडून येऊन उभ्या होत्या. हरिसिंग सकाळपासून पाहुण्यांबरोबर चहा आणि थंडा पीत होता, म्हणून त्याचं भाषण फार आटोपशीर झालं. दारावरचा पडदा ओढला. दारावर फेटेवाला, मिशीवाला गडी रंगवलेला होता. दार ते एकच.

“हे पुरुषांचं आहे,” बाई म्हणाल्या.

“हो बाई. काहून का, तरास तं त्यायचाच होता नं. भिंत त्यायनंच नासवली. बायायचा कुठी काय वास येते?”

तो उद्धटपणे बोलला नव्हता, हेच वाईट. त्याला खरंच तसं वाटत होतं. बेबीताईने दिवस दिवस सोसलं त्याचा कुठल्या भिंतीवर डाग पडला नव्हता, म्हणून ती कुणाची अडचण नव्हती.

बाईंनी फीत कापली. कात्री ताटात ठेवली. मग मागे वळून म्हणाल्या, “बेबी, ये. सगळ्या जणी या, एकेक करून.”

“अवो बाई, पन...” हरिसिंग पुढे झाला.

डावी भुवई वर गेली. हरिसिंग होता तिथेच थांबला.

मी न सांगता दुकानातलं स्टूल नेऊन दारापाशी ठेवलं. बाई त्यावर बसल्या. बाया रांगेने आत जाऊ लागल्या आणि बाई प्रत्येकीकडे बघून हसत होत्या, भिंतीवरून आम्ही पुसलेलं तेच हसू. बेबीताई बाहेर आली ती सरळ माझ्याकडे. “दादा, पानी हाय का?” मी तांब्या दिला. भर दुपारी, भर बाजारात तिने तो उभ्याने रिकामा केला आणि दुसरा मागितला.

पुरुष लांब उभे होते. सगळ्यात पुढे हरिसिंग, एका पायावरून दुसऱ्या पायावर. डावीकडे भिंतीवर दहा फुटांच्या बाई, समोर स्टुलावर खऱ्या बाई, आणि पोटात सकाळपासूनचा चहा आणि थंडा. शेवटी गावाच्या सभापतीने, गळ्यात हार असताना, हळूच करंगळी वर केली.

“तास संपू दे, हरिसिंग.”

“कधी संपन, बाई?”

“तुमची वेगळी बांधून झाली की.”

हरिसिंगने करंगळी मिटली आणि तो सरळ उभा राहिला.