टकाचोराचा वाटा

वर्ध्याहून आर्वीमार्गे तळेगावला (श्यामजी पंत) निघालेल्या एसटीत मला खिडकी मिळाली आणि मी बाहेर पाहतच राहिलो. आमच्या साताऱ्याकडे डोंगर नजर अडवतात. इथे तूर काढून मोकळी झालेली शेतं थेट आभाळाला जाऊन भिडतात, मधूनच एखादा फुललेला पळस.

शेजारी विनोद होता. पुण्याच्या वसतिगृहातला माझा खोलीमित्र. तो आता वर्ध्यात नोकरी करतो आणि बोरगाव मेघेला राहतो. वडील गेल्यापासून त्याची आई, सिंधूकाकू, तळेगावला एकट्या राहून संत्र्याचा बगीचा सांभाळत होत्या. पावसाळ्यात विहिरीजवळ घसरून कंबर दुखावली, तरी गाव सोडायला तयार नव्हत्या. विनोदनं बगीचा मक्त्यानं (भाडेपट्ट्यानं) घेणारा व्यापारी शोधला होता. "तू चल. परक्या माणसासमोर ती ऐकेल," असं म्हणून त्यानं मला ओढून आणलं होतं.

मी परका खरा, पण पूर्ण नाही. वसतिगृहात विनोदला घरून खाऊ यायचा तेव्हा पिशवीत दोन पुडे असायचे. दुसरा माझा. काकूंनी मला पाहिलं नव्हतं आणि मी कधी काही मागितलं नव्हतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. महिनाअखेरीस माझी काय तऱ्हा होते हे विनोदनं घरी सांगितलं असावं.

दारातच काकूंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "काऊन रे बाबू, साताऱ्यात जेवाले भेटत नाई काय?"

रात्री पाटवडीचा झणझणीत रस्सा होता. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तशा त्या हसून म्हणाल्या, "रडू नको, अजून वाढतो."

सकाळी बगीच्यात गेलो. मृग बहाराची संत्री पिकत आली होती. एका फांदीला हात घालताना काट्यानं मनगट चांगलंच ओरबाडलं. तेवढ्यात विहिरीजवळच्या झाडावरून घोगरी खरखर आली आणि लगेच, जणू दुसऱ्याच गळ्यातून, गोड "को-की-ला". तांबूस अंग, काळं डोकं, लांबलचक शेपटी.

"टकाचोर!" मी ओरडलो. शाळेत मी विज्ञान शिकवतो, राहवलं नाही. हा कावळ्याच्या कुळातला, परदेशात याचा भाऊबंद मॅगपाय, तोही चोर म्हणूनच बदनाम, हे सगळं मी काकूंना सांगितलं. टका म्हणजे पैसा, तो चोरणारा म्हणून टकाचोर.

"टका घेऊन कुठं जाईन तो?" काकू म्हणाल्या. "कोन्या दुकानात? आमच्या घरी याले पाहुणा म्हनतात."

मग त्यांनी घरची रीत सांगितली. झाडावरचा माल विकायचा त्या दिवशी, व्यापारी पाय ठेवण्याआधी, विहिरीजवळच्या झाडाला फडकं बांधायचं. त्या झाडाचं फळ विकायचं नाही, घरच्यांनीही खायचं नाही. ते पाखरांचं. रीत त्यांच्या सासूबाईंनी घातलेली. आज मात्र ते फडकं त्यांनी अजून कनवटीलाच ठेवलं होतं.

व्यापारी प्रकाशभाऊ आले. देह मोठा, आवाज त्याहून मोठा, खांद्यावर भगवा दुपट्टा (उपरणं). सगळं पटत आलं आणि गाडी त्या झाडापाशी अडली.

"मावशी, चोराले कोनी वाटा देते काय?" ते हसले.

"वाटा देल्ला का मंग तो चोर राह्यते काय, भाऊ?"

विनोद चिडला. "आई, एका झाडापायी सौदा मोडशीन तू!"

"मोडू दे. मंग मी नाई येत बोरगावले."

विनोदनं माझ्याकडे पाहिलं. मला समजवायला आणलं होतं. खरं सांगायचं तर मी मनातून झाडाच्याच बाजूला होतो.

शेवटी प्रकाशभाऊ म्हणाले, "मी सोडीन वो मावशी. पन तोडनारे दरसाल नवे. त्याइले कसं समजन?"

"म्हनून तं फडकं बांधतो. मी गेल्यावर कोन बांधन, तेच तं इचारून राह्यली मी." काकूंनी कनवटीची जुन्या लुगड्याची पट्टी काढून प्रकाशभाऊंपुढे धरली.

प्रकाशभाऊंनी पट्टीकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं. पट्टी घेतली नाही. खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि खोडाला गुंडाळला. "ते मातकट फडकं कोनाले दिसते? हे रस्त्यावरून दिसन."

काकूंनी जवळ जाऊन गाठ ओढून पाहिली. "ढिली हाय. पुन्हा बांध."

एवढा मोठा माणूस मुकाट्यानं पुन्हा वाकला. काकू मात्र वळून घराकडे चालू लागल्या. आम्ही पोचलो तेव्हा त्या ट्रंक उघडून लुगडी आवरत होत्या.

परतीच्या एसटीत आम्ही तिघे होतो. आर्वी सुटली. मग काकूंनी पिशवीतून संत्रं काढून सोललं आणि पहिली फोड माझ्या हातावर ठेवली.

आता साताऱ्यात वर्गातल्या तक्त्यावर या पक्ष्याचं चित्र आहे, खाली नाव टकाचोर. मी ते खोडलेलं नाही. पुस्तकातलं नाव मुलांना यायलाच हवं. पण शेजारी मी 'पाहुणा' असंही लिहिलं आहे. कोणी विचारलं तर तळेगावची गोष्ट सांगतो. त्या दुसऱ्या पुड्याची सांगत नाही. ती माझ्यापुरती ठेवली आहे.

परवा विनोदचा फोन आला. प्रकाशभाऊंनी बगीच्यातून काकूंना फोन लावला होता आणि काही न बोलता मोबाईल झाडाकडे धरला होता. बोरगाव मेघेच्या गॅलरीत काकूंनी तो कानाला घट्ट लावला, पलीकडचं 'को-की-ला' ऐकलं आणि मोठ्यानं विचारलं,

"जेवला काय रे?"