सागवान आहे, लिहा!

"पालथं घाल आधी!"

इतवारा बाजारातल्या दुकानात कुणी जुनी खुर्ची, पलंग, देव्हारा विकायला आणला की आमच्या मालकांचं हे पहिलं वाक्य. रामराम नाही, बसा नाही. वस्तू उलटी झाल्याखेरीज ते तिच्याबद्दल चकार शब्द काढत नसत. "वरून काय भो, कुणीही पॉलिश फासतं. खालून पाहावं."

मी त्यांच्याकडे नोकरीला होतो. काका म्हणायचो. लाकूड ओळखायला त्यांनीच शिकवलं. शिकवलं कसलं, शिव्या घातल्या! डोळे मिटायला लावून हातावर तुकडे ठेवायचे. अंजन ठेवलं की तळवा खाली जायचा, इतकं ते जड. सागवानाला तेलकट वास. बिजाच्या लाकडाची ढलपी पाण्यात टाकली की पाणी रंगतं. एकदा मी अंजनाला बाभूळ म्हटलं, तर तोच तुकडा माझ्या अंगावर आला. "अंजनाला बाभूळ म्हणतोस? उद्या बायकोला मावशी म्हणशील!"

काकांच्या पुतण्यासाठी मुलगी पाहायला गेलो होतो, तिथंही तेच. यजमान म्हणाले, "बसा." यांनी खुर्ची उचलून उलटी केली, नखानं खरवडली आणि भरल्या बैठकीत जाहीर केलं, "शिसव आहे. बसायला हरकत नाही." मुलीच्या बापाचा चेहरा पडला, पण आतून मुलगी खुदकन हसली. ती काकांच्या घरची सून झाली.

असा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. त्याचा राग लोक हौसेनं सांगतात, पुन्हा पुन्हा हसतात. मीही हसायचो. आता नाही हसत. त्या रागानं काय केलं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

विलीनीकरणाचे दिवस होते. संस्थानं गेली, जहागिरीही सरकारजमा होत होत्या. आमच्याकडच्या एका छोट्या जहागिरीतही साहेब लोक आले आणि वाड्यातलं सामान अंगणात मांडलं. त्यांचा नियम सरळ होता. जहागिरीच्या जंगलातल्या सागवानाचं, जहागिरीच्या सुतारांनी केलेलं, ते सरकारचं. बाहेरून आलेलं घरच्यांचं. लाकूड ओळखायला काकांना बोलावलं. मी बरोबर होतो.

सकाळपासून आम्हाला उन्हात उभं केलं. पाणी विचारलं नाही कुणी. वर साहेबांची हाक, "ए लकडीवाले, जरा जल्दी!" काकांच्या कपाळाची शीर उडायला लागली.

शेवटी एक पाळणा राहिला. कोरीव, पितळी कड्यांचा, पॉलिशनं काळपट लाल झालेला. जहागीरदारांच्या विधवा बाईसाहेब दाराआडून पुढे आल्या. "हा माझ्या माहेरचा. आमच्या तळकोकणातून आलाय, पहिल्या बाळंतपणाला. पाळणा माहेरूनच येतो, हे काय सांगायला हवं?" त्यांच्या लेकीला तेव्हा सातवा लागला होता. तिच्या बाळाला तोच पाळणा हवा, एवढंच त्यांचं मागणं. बाकी सामानाकडे त्यांनी मान वळवूनही पाहिलं नाही.

साहेब म्हणाले, "सब यही कहते हैं. लकडी बताओ."

मी म्हटलं, "काका, पालथा घालू?"

"गप रे! आता पाळणेही पालथे घालू का यांच्यासाठी? सागवान आहे, लिहा!" पंचा खांद्यावर टाकून ते तरातरा निघाले.

लॉरी बाहेरच उभी होती. पाळणा चढवताना हमालाचा हात सुटला, फळ्यांच्या कडेवर आपटून पाळण्याच्या तळाची एक ढलपी उडाली. आत हळदीसारखं पिवळं. काकांनी ढलपी उचलली.

"फणस! अरे, फणस आहे हा! आमच्या मुलखात कोण करतं फणसाचा पाळणा? कोकणातलाच आहे, बाईंचाच आहे! उतरवा!"

साहेब कागद गुंडाळत होते. "आपने ही तो सागवान बोला."

"चूक झाली माझी, कितीदा सांगू! खाली उतरून बघा तरी!"

बघितलं नाही. लॉरी गेली. आणि काका काय, नुसते ओरडत मागे धावले! मला अजून संताप येतो. त्या साहेबाचा येतो, पण त्याहून जास्त काकांचा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या खुर्च्या उलट्या केल्या, आणि जिथं करायची तिथं अपमान मोठा झाला? तुमचा अपमान झाला असेल हो. त्याची भरपाई त्या बाईनं का करायची?

पुढे त्यांनी कचेऱ्या पालथ्या घातल्या. जिथं जातील तिथं एकच उत्तर, तुमच्याच शब्दावर घेतलाय. पाळणा कुठं गेला ते शेवटपर्यंत कळलं नाही. आज काका नाहीत, दुकानात प्लायवूड मिळतं. लोक अजून त्यांच्या रागाचे किस्से सांगतात. एक मात्र कुणी सांगत नाही, कारण तिथं काकांबरोबर मी एकटाच होतो.

बाईसाहेब शहरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला आल्या होत्या. काका त्यांची क्षमा मागायला गेले. आढ्याला जुन्या लुगड्याची झोळी बांधलेली, आत लेकीचं बाळ. बाई झोका देत होत्या. काकांनी उभ्या उभ्याच सुरुवात केली, मोठ्यानं, त्यांना हळू बोलता येतच नसे. "बाईसाहेब, तो फणस होता! मी पाहिलं नाही, मी..."

"फणसच होता," त्या म्हणाल्या. "आमच्या परसातला. वडिलांनी माझ्यासमोर तोडला. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं."

साहेबांनी विचारलं नव्हतं. काकांनीही नव्हतं. ती बाई समोर उभी राहून माझा आहे म्हणत होती, आणि सगळे लाकडाला विचारत होते.

काका पुन्हा काही बोलायला गेले. बाईंनी झोळीवरचा हात न काढता मान हलवली.

"हळू. आत्ता कुठं झोपलाय."